दुसऱ्यांची अकरा गाणी

ग्लेनिस थॅकरे दिवसातून किमान चाळीस वेळा "हळू" म्हणायची. तो तिचा पेशाच होता. हल शहरातल्या लोकांना ती गेली सव्वीस वर्षं गाडी चालवायला शिकवत होती आणि आपला विद्यार्थी कुठल्या चौकात घाबरणार हे तिला त्याच्याआधी कळत असे. अधूनमधून एखादा विद्यार्थी घरी जाऊन काकाला किंवा सासऱ्याला तिचं नाव सांगे, आणि पुढच्या धड्याला डोळे मोठे करून येई.

"तुम्हीच का त्या?"

"आरशात बघ," ग्लेनिस म्हणायची. "मागे बस आहे."

पण हो, तीच होती ती. 'द डॅम्प' या बँडची ड्रमवाली. उत्तर इंग्लंडमधले सगळ्यात वेगवान हात, असं एका मासिकाने एकदा छापलं होतं आणि नंतर कुणी खोडलं नव्हतं. मिनिटाला दोनशे आठ ठोके. ते कात्रण तिने फ्रेम करून संडासात लावलं होतं. तिच्या मते नम्रपणा दाखवायची ती योग्य जागा होती, आणि शिवाय प्रत्येक पाहुण्याला ते वाचायला निवांत वेळ मिळे.

बँडमध्ये तिघं. गाणारा आणि गिटार वाजवणारा डेझ मोल्ड. खरं नाव डेस्मंड अपलबी, पण मोल्ड म्हणजे बुरशी, आणि त्या काळी पंक संगीतवाल्यांत असलीच नावं घ्यायची पद्धत होती. ग्लेनिसलाही 'ग्लेनिस गँगरीन' असं नाव मिळालं होतं, पण तिच्या आईने ते दोन दिवसांच्या वर टिकू दिलं नाही. तिसरा नाइजेल. तो कॅनडात जाऊन राहिला होता आणि कुठल्याही पत्राला एका शब्दात उत्तर देई.

डेझ गेल्या शरद ऋतूत गेला, तोही पोस्टाच्या रांगेत उभा असताना. रांगेचा त्याला जन्मभर तिटकारा होता. अंत्यविधीला चारशे माणसं आली आणि त्यातल्या निम्म्यांनी ग्लेनिसला विचारलं, त्या टेपचं काय?

ती टेप म्हणजे १९८४ची. हेसल रोडवरच्या मच्छीमारांच्या क्लबात 'डॅम्प'चा एक कार्यक्रम झाला होता. क्लबच्या कमिटीने आधी त्यांच्या गाण्यांचे शब्द मागवले, वाचले आणि कळवलं: कार्यक्रम करा, पण स्वतःचं गाणं एकही गायचं नाही. मग डेझने त्या संध्याकाळी दुसऱ्यांची अकरा गाणी गायली. त्याच्या आईच्या रेकॉर्डींतली, क्लबात नेहमी म्हटली जाणारी, समुद्रावर गेलेल्या नवऱ्यांची, बंदरावर उभ्या राहिलेल्या बायकांची. प्रत्येक गाण्याआधी तो माइकमध्ये तोंड घालून कमिटीला ऐकू जाईल असं सांगायचा, "हे माझं नाही." कुणीतरी ते टेप केलं. टेपवरून टेप निघाली, त्यावरून आणखी एक, आणि वर्षभरात ती लीड्सपासून ग्लासगोपर्यंत पोचली. आईच्या वयाच्या बायकांची गाणी असल्या भयानक वेगात कुणी ऐकली नव्हती. शिवाय वेग गाण्यागणिक वाढत जायचा, जणू उतारावरून ब्रेक नसलेली गाडी सुटली आहे.

आता त्या टेपची रीतसर रेकॉर्ड निघणार होती. नाव 'माझं नाही'. काढणारा ह्यू पार्किन. त्याची कंपनी म्हणजे तो स्वतः, त्याचं गॅरेज आणि एक केटल. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो पस्तीस वर्षं उपकरणं दुरुस्त करत होता. त्यामुळे मंगळवारी सकाळी त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "ग्लेनिस, मला टेपमध्ये एक गोष्ट सापडली आहे," तेव्हा ग्लेनिसला वाटलं, फार तर एखादी तार तुटली असेल.

ह्यूने तिला स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि पडद्यावर एक आलेख दाखवला. तळाशी एक बारीक रेघ होती, डावीकडून उजवीकडे किंचित चढत गेलेली.

"ही काय आहे?"

"गुणगुण," ह्यू म्हणाला. "अॅम्प्लिफायर विजेवर चालतात ना, ते नेहमी घुमतात. आपल्या देशात सेकंदाला पन्नास कंपनं. मी जन्मलो तेव्हा पन्नास, आजही पन्नास. वीज कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

"बरं."

"या मूळ टेपवर पहिल्या गाण्याला ती साडेएक्कावन्न भरते. शेवटच्या गाण्याला चोपन्न."

ग्लेनिसने चहाचा घोट घेतला. शाळेत तिला विज्ञानातलं फारसं कधी कळलं नव्हतं, पण कुणीतरी आपल्या गाडीच्या मागे फार जवळ येतंय हे तिला कळायचं.

"म्हणजे?"

"म्हणजे टेप करणारं मशीन हळू चालत होतं. सेल उतरत आले असणार. हळू केलेली टेप नेहमीच्या वेगाने लावली की ती पळते. जसे सेल उतरत गेले तसं गाणं चढत गेलं." त्याने चष्मा पुसला. "मला आधीच कळायला हवं होतं. गिटार कुठल्याच पट्टीत बसत नाही. पस्तीस वर्षं आपण सगळे काय म्हणत आलो? की पंकवाले वाद्यं जुळवत नाहीत."

"जुळवत नव्हतोच."

"त्या दिवशी जुळवली होती. मी गुणगुण पन्नासवर आणून पाहिली. सगळं चपखल बसतं."

"आणि माझं?"

ह्यूने पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा तपासला. तो मुळात दयाळू माणूस होता, आणि म्हणून आकडे सांगताना त्याला त्रास व्हायचा.

"एकशे त्र्याण्णव," तो म्हणाला.

"एकशे त्र्याण्णव कुणीही वाजवतं."

"मी नाही वाजवत."

"ह्यू, मी तिथे होते. माझे हात आठ दिवस दुखत होते."

"मीही होतो, तिसऱ्या रांगेत. मला तर छत हलल्याचं आठवतं. छत काही हललं नव्हतं." तो तिच्याकडे वळला. "पण एक बघ. शेवटचं हळू गाणं सोडलं तर दहाच्या दहा गाणी एकशे त्र्याण्णव. पहिलंही आणि दहावंही. एका ठोक्याचा फरक नाही. असं मी घड्याळांत पाहिलं आहे, माणसात नाही."

"लोकांना घड्याळ नको असतं रे," ग्लेनिस म्हणाली. "लोकांना ब्रेक नसलेली गाडी हवी असते."

मग ह्यूने तिला शेवटच्या गाण्याआधीची जागा ऐकवली. तिथे डेझ एक शब्द ओरडतो: "निस्लो." हा शब्द तर टेपहून प्रसिद्ध होता. तो टी-शर्टांवर छापला गेला होता. कुणी म्हणे ते डेन्मार्कच्या एका बंदराचं नाव, कुणी म्हणे ती एक शिवी, आणि ब्रिस्टलच्या एका माणसाने त्यावर सोळा पानी लेख लिहिला होता. ग्लेनिसला स्वतःला त्याचा अर्थ माहीत नव्हता. पण कुणी विचारलं की ती गूढपणे हसायची, कारण तेवढं आपण लोकांचं देणं लागतोच.

ह्यूने तीच जागा साफ करून, योग्य वेगात लावली. डेझचा आवाज खाली आला, जवळ आला आणि अगदी साध्या सुरात म्हणाला, "ग्लेनिस, स्लो."

ह्यूने टेप थांबवली.

"सोळा पानं," ह्यू म्हणाला.

ग्लेनिसला हसू आलं, पण ते मध्येच कुठेतरी अडकलं. बँडचा एक जुना नियम होता. तिघांपैकी एकाने जरी 'नाही' म्हटलं तर ती गोष्ट होणार नाही. नाइजेलने कॅनडाहून कळवलं होतं, "चालेल." डेझच्या बाजूने त्याची थोरली बहीण बेरिल. आणि तिसरी ती स्वतः.

"आहे तशीच काढ," ती म्हणाली. "पळणारीच. लोक तीच मागतायत."

"तू म्हणशील तसं."

"असा चेहरा करू नकोस."

"माझा चेहराच असा आहे," ह्यू म्हणाला आणि दोन्ही वेगांची एक सीडी तिच्या हातात ठेवली. "बेरिललाही विचार. तिचा हक्क आहे."

ग्लेनिस मुद्दाम लगेच निघाली. बेरिल सत्तरीची होती, धाकट्या भावाच्या कीर्तीचा तिला अभिमान होता आणि ती आपल्याच बाजूने बोलेल याची ग्लेनिसला खात्री होती. वाटेत तिने दोन पॅटी घेतल्या, बटाट्याच्या, तळलेल्या, वर भरपूर तिखटमीठ मारलेल्या. रिकाम्या हाताने बेरिलकडे गेलं तर ती दिवसभर स्वतः काहीतरी करून खायला घालायची, आणि बेरिलचा स्वयंपाक हा डेझच्या तीन गाण्यांचा विषय झाला होता.

"पळणारीच चांगली ना गं?" सगळं सांगून झाल्यावर ग्लेनिसने विचारलं.

"मला काय माहीत? मी ती ऐकतच नाही."

"कधीच?"

"एकदा ऐकली." बेरिलने पॅटीचा तुकडा मोडला. "ती टेप मीच केली ना. बाबांचा पाय प्लास्टरमध्ये होता, त्यांना क्लबात येता येईना. म्हणून मी मशीन पिशवीत घालून नेलं. सेल त्यांच्या टॉर्चमधले काढले."

"जुने?"

"बाबांच्या टॉर्चमध्ये नवं काय असणार? तीन हिवाळे काढलेले सेल होते ते."

ग्लेनिसने पॅटीचा घास घेतला. आपली सगळी कीर्ती एका म्हाताऱ्या मच्छीमाराच्या टॉर्चमधून आली आहे हे पचवायला तिला अर्धी पॅटी लागली.

"घरी येऊन बाबांना ऐकवली," बेरिल पुढे म्हणाली. "त्यांनी दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, बंद कर, हा आपला पोरगा नाही. डेझला वाटलं बाबांना गाणी आवडली नाहीत. मग दोघं वर्षभर बोलले नाहीत. तुला ठाऊक आहे, आमच्याकडे वर्षभर न बोलणं म्हणजे काही फार नाही. पण मलाही वाटलं होतं गं. तो त्यात नव्हताच. कुणीतरी खारीचं पिल्लू गातंय असं वाटायचं. मी टेप त्याच्या एका मित्राला देऊन टाकली."

"त्याच टेपवरून सगळ्या निघाल्या."

"मग त्याला मी काय करू? लोकांना खार आवडली."

सीडी लावायला बेरिलने एक मोठं, धूळ बसलेलं मशीन टेबलावर आणलं. ग्लेनिसने आधी पळणारं लावलं. बेरिलने दहा सेकंदांत हात हलवून ते बंद करायला लावलं. मग ग्लेनिसने दुसरं लावलं, शेवटचंच गाणं, कारण ते सगळ्यात छोटं होतं आणि तिला हे लवकर संपवायचं होतं.

"हे माझं नाही," डेझ म्हणाला. मग थोडा थांबून, "हे आईचं आहे." मग, "ग्लेनिस, स्लो."

आणि ग्लेनिसने हळू वाजवलं होतं. तिचं तिलाच ऐकू येत होतं. काठ्या बाजूला ठेवून ती नुसत्या तळव्यांनी वाजवत होती, एखाद्या झोपलेल्या माणसाला उठवायचं आहे पण दचकवायचं नाही अशा बेताने. पहिल्या रांगेत डेझची आई बसली होती, निळ्या कोटात, मांडीवर पर्स घट्ट धरून. हे सगळं ग्लेनिसला आत्ता, बेरिलच्या स्वयंपाकघरात आठवलं. आठ दिवस दुखलेले हात बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी कार्यक्रमाचे होते. ती गोष्ट तिने इतक्या वेळा सांगितली होती की खरी संध्याकाळ कधीच मागे पडून गेली होती.

डेझचा आवाज भरदार, थोडा घोगरा होता. वरच्या सुराला तो पोचायचा नाही आणि पोचलो नाही हे लपवायचाही नाही. बेरिल रडली नाही. तिने फक्त चहाचा कप बशीत ठेवला, आवाज होऊ न देता.

"हा आमचा डेस्मंड," ती म्हणाली. "दमला की असाच नाकात बोलायचा. बाबाही तसेच."

"बेरिल, ही रेकॉर्ड निघाली तर लोक म्हणतील, एवढंच होय?"

"काय एवढंच?"

"मी."

बेरिलने तिच्याकडे पाहिलं. "तू पळतेस म्हणून तुला घेतलं होतं असं वाटतं का तुला? तुझ्या आधीचा तो रॉडनी तुझ्याहून जास्त पळायचा. डेझ म्हणायचा, रॉडनी गाणं संपवून घरी जातो आणि मी अजून दुसऱ्या कडव्यात असतो. ही पोरगी माझी वाट बघते, म्हणायचा." तिने उरलेली पॅटी ग्लेनिसकडे सरकवली. "मला ही हळूवालीच हवी असा हट्ट मी धरणार नाही. पण 'नाही' म्हणायचं असेल तर तू म्हण. मी तुझ्यावर रुसणार नाही. वर्षभर."

ग्लेनिस गाडीत येऊन बसली. तिने ह्यूला फोन लावला आणि त्याने हॅलो म्हणायच्या आत बोलून टाकलं, "पन्नासवाली काढ."

"नक्की?"

"विचारू नकोस. मत बदलेन. आणि कव्हरच्या मागच्या बाजूला ते वेगवान हात वगैरे लिहिलं आहेस ना, ते काढ."

"त्या जागी काय लिहू?"

"ड्रम्स, ग्लेनिस थॅकरे."

"एकशे त्र्याण्णव लिहू?"

"ह्यू."

"नाही लिहीत."

टेपच्या वेगाविषयीही त्याने काही लिहिलं नाही. ते ग्लेनिसनेच सांगितलं होतं. लोकांना कळलं तर कळलं, नाही कळलं तर फारच उत्तम, असा तिचा हिशेब होता. माणसं म्हातारी झाली आहेत, कान गेले आहेत, एवढासा फरक कोणाला कळतोय?

रेकॉर्ड मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी कॉलिन नावाच्या माणसाच्या रेकॉर्डच्या दुकानात निघाली. दुकान लांबट आणि अरुंद. सत्तर माणसं तिथे दाटीवाटीने उभी राहिली, बहुतेक साठीच्या आसपासची, काळ्या जाकिटांची बटणं आता न लागणारी. बेरिलला एकुलती खुर्ची मिळाली. ह्यूने चार शब्द बोलायचं ठरवलं होतं आणि तो खरोखरच चार शब्द बोलला. मग कॉलिनने रेकॉर्ड लावली.

"हे माझं नाही," डेझ म्हणाला आणि सगळे हसले. पहिलं गाणं सुरू झालं. ग्लेनिस कोपऱ्यात, हातात सॉसेज रोल धरून, लोकांच्या माना बघत उभी होती. माना हलत होत्या. फरक कमी होता, दीड कंपनाचा. कुणाला काही कळलं नाही. दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्या गाण्याला दोनचार माना थांबल्या. पाचव्याला समोरच्या एका टकल्या, उंच माणसाने शेजाऱ्याच्या कानात काही सांगितलं. शेजाऱ्याने मान डोलावली. सहाव्याच्या मध्यावर तो माणूस बोललाच.

"कॉलिन, तुझं मशीन हळू चालतंय."

"काल तर ठीक होतं," कॉलिन म्हणाला.

"मी ही टेप पस्तीस वर्षं ऐकतोय. हे बरंच हळू आहे. ती वेगाची पट्टी असेल बघ बाजूला, ती जरा वर सरकव."

"हो, मलाही वाटत होतं," कुणीतरी मागून म्हणालं. "डेझ सर्दी झाल्यासारखा वाटतोय."

बेरिलची मान ताठ झाली. ह्यूने ग्लेनिसकडे पाहिलं, आणि मग शहाण्यासारखं स्वतःच्या बुटांकडे. कॉलिन वाकला. त्याचं बोट पट्टीपर्यंत गेलं. ती जरा वर सरकली की झालं, डेझ खार होणार, लोक खूश होणार आणि संडासातलं कात्रण जागच्या जागी राहणार. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं.

"हात लावू नकोस, कॉलिन," ग्लेनिस म्हणाली.

तोंडात सॉसेज रोल असल्यामुळे ते नीट उमटलं नाही. तिने गिळलं आणि पुन्हा म्हणाली. या वेळी तो विद्यार्थ्याला चौकात थांबवण्याचा आवाज होता. कॉलिनचा हात आपोआप मागे आला.

"वेग बरोबर आहे. टेप चुकीची होती. आम्ही एवढ्याच वेगाने वाजवलं होतं."

टकला माणूस वळला. त्याला ती कोण ते दिसलं नसावं, कारण तो फणकाऱ्याने म्हणाला, "तुम्हाला काय माहीत?"

"ड्रम मी वाजवत होते."

सत्तर माणसं तिच्याकडे बघायला लागली. मागे सहावं गाणं संपलं, डेझने सातवंही आपलं नसल्याचं कमिटीला सांगितलं आणि ग्लेनिस, चोवीस वर्षांची, न चुकता त्याच्या मागे सुरू झाली.

"पण दोनशे आठ?" तो माणूस म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "मी तर सगळ्यांना सांगत आलोय."

"मीही. आणि मी तुझ्याहून जास्त लोकांना सांगितलंय."

"मग खरं किती?"

"एकशे त्र्याण्णव."

कुणी हसलं नाही. ग्लेनिसला वाटलं होतं हसतील. तो माणूस खाली बघून, एका बोटाने मांडीवर ठोके मोजत उभा राहिला. त्याने पुरतं एक कडवं मोजलं, मग दुसरं.

"ठोका हलतच नाही की," तो शेवटी म्हणाला.

"नाही," ग्लेनिस म्हणाली. "आता गप्प बसा सगळे. तो नीट गातोय."